निशाणी फुलकोबी

आमच्या मतदारसंघात आमदार बदलायला हवा, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. फक्त हे मत मांडताना जो तो आधी मागे वळून बघतो.

भाऊ गेली पंचवीस वर्षं आमचे आमदार आहेत. एवढ्या काळात त्यांनी कितीदा पक्ष बदलला, हे त्यांच्या पीएलाही डायरी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. बॅनरच्या वरच्या कडेचे नेत्यांचे गोल फोटो बदलत राहतात. खाली हात जोडून उभे असलेले भाऊ तेच असतात. त्या फोटोतले केससुद्धा पहिल्या निवडणुकीतले आहेत. लग्नसराईत ते खिशात अक्षता ठेवूनच गाडीत बसतात. मंडपाच्या कमानीत त्यांची गाडी दिसली, की मंगलाष्टक मध्येच थांबतं, माइकवरून 'तालुक्याचे भाग्यविधाते' असा पुकारा होतो आणि नवरा-नवरी हार हातात धरून ताटकळतात. मुहूर्त टळला तर चालतो, भाऊ टळलेले चालत नाहीत. दशक्रियेला तर त्यांचं भाषण ठरलेलंच. 'गेलेला माणूस माझा उजवा हात होता,' असं ते दर वेळी गहिवरून सांगतात. आमच्या चुलत्यांच्या दशक्रियेलाही ते हेच म्हणाले. चुलते हयातभर विरोधी पक्षात होते. तरीही चुलतीने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बघा, शेवटी कळलं त्यांना."

असा माणूस पडायचा कसा, हा प्रश्न तालुक्याला दर पाच वर्षांनी पडतो आणि निकालाच्या दिवशी आपोआप मिटतो.

माझा संयम सुटला तो गटारापायी. आमच्या गल्लीतल्या नियोजित गटाराचं भूमिपूजन भाऊंच्या हस्ते झालं. पुढच्या वर्षी त्याच गटाराचं, त्याच जागी, त्याच हस्ते पुन्हा झालं. नवं गटार आलं नाही, पण नारळांच्या करवंट्यांनी जुनं तुंबलं. आमदार निधीचा फलक मात्र आधीच लागला होता. पावसाळ्यात लोक त्या फलकाला धरून पाणी ओलांडत, त्यामुळे निधी अगदीच वाया गेला असंही म्हणता येत नव्हतं.

चहाच्या टपरीवर आमचा निवृत्तांचा कट्टा बसतो. तिथे मी हे सगळं पोटतिडकीने मांडलं. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "सर, आता तुम्हीच उभं राहा."

"मी? गणिताच्या मास्तराला कोण मत देणार?"

"का नाही? गणपतराव देशमुखांसारखा माणूस सांगोल्यात १९९५ साली १९२ मतांनी पडला. भाऊ काय घेऊन बसलात!"

"आणि १९९९ ला परत आला तो पार २०१९ पर्यंत," निवृत्त कंडक्टर म्हणाले. "अकरा वेळा आमदार. शेवटी स्वतःच थांबला म्हणून. पाडलं कुणी नाही."

पण तोवर मेडिकलवाल्यांनी राजस्थान काढलं होतं. २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने पडले. ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाचं नाव, आणि पडले एका मताने! एका मताने माणूस पडू शकतो, तर एका मताने निवडूनही येऊ शकतो, हे मला गणिताच्या दृष्टीने निर्दोष वाटलं. बाकीची लाखभर मतं कुठून आणायची, हा तपशील त्या वेळी चर्चेला आला नाही. कट्ट्याने टाळ्या वाजवल्या. चहा माझ्या नावावर लिहिला गेला, आणि त्या क्षणापासून निकालापर्यंत कट्ट्याचा सगळाच चहा उमेदवाराच्या खात्यावर गेला.

१५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक जाहीर झाली आणि मी अर्ज आणला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. मला वाटलं, कट्ट्यावरच काम होईल. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि पोस्टमास्तरांच्या हातात पेन दिलं. त्यांनी ते विंचू धरावा तसं धरलं.

"सर, माझी सही तालुक्यात ओळखू येते हो. आयुष्य गेलं सह्या करण्यात."

कंडक्टरांचा मुलगा महामंडळात चिकटायचा होता. ग्रामसेवकांच्या मळ्यातला डीपी जळाला होता आणि नवा भाऊंच्या फोनशिवाय येत नव्हता. मेडिकलवाले म्हणाले, "सूचक म्हणून नको, पण मनाने मी तुमच्याबरोबरच आहे." अर्जात मनाने बरोबर असणाऱ्यांचा रकाना नव्हता.

बायको तरी हक्काची, म्हणून यादी उघडली. तिचं नावच नाही! नातवाला सांभाळायला ती पुण्याला जाऊन राहिली होती, तेव्हा मुलाने ऑनलाइन अर्ज भरून तिचं मत तिकडे नेलं होतं. "म्हणजे तू मला मत देऊ शकत नाहीस?" मी विचारलं. "नाही ना," ती म्हणाली. आवाजात मला अपेक्षित होतं तेवढं दुःख नव्हतं.

शेवटी दूधवाला, त्याचे भाऊ, इस्त्रीवाला आणि दहावीला मी काठावर पास केलेले काही विद्यार्थी असे दहाजण जमले. शेवटच्या सूचकाने सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "सर, भाऊंसाठीच ना हे?"

त्यानंतर आलं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. त्यात एकही रकाना मोकळा सोडायचा नसतो. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. गुन्हे : निरंक. सरकारी देणी : निरंक. शेतजमीन : निरंक. व्यापारी इमारती : निरंक. लिहिता लिहिता साठ वर्षांच्या आयुष्याचा एकूण सारांश डोळ्यांपुढे यायला लागला. वाहनांच्या रकान्यात स्कूटर आली तेव्हा इतका आनंद झाला, की तिचं मॉडेलही झोकात लिहिलं. बायकोच्या दागिन्यांपाशी गाडं अडलं. वजन सांगायला ती तयार नव्हती.

"सरकारला सांगायचंय, चोराला नाही."

"सरकारला सांगेन हो. पण हे बाहेर बोर्डावर लावतात म्हणे. तुमची बहीण वाचायला येईल."

तिचं म्हणणं खरं ठरलं. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कार्यालयाच्या फलकावर लागतं, शिवाय इंटरनेटवरही येतं. भाऊंची संपत्ती बघायला कुणी गेलं नाही, कारण ती सगळ्यांना पाठ होती. माझी मात्र घरोघरी वाचली गेली. बायकोला माझी एक मुदत ठेव नव्याने समजली, मला तिच्या दोन समजल्या. पुतण्या उसने मागायला आला आणि गणेश मंडळाने पुढच्या वर्षीची वर्गणी त्याच दिवशी वाढवली.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं, तेही उघडलं. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. हा आकडा ऐकून बायको मटकन खाली बसली. "एवढे खर्च केलेच पाहिजेत असं नाही ना?" तिने विचारलं. मी तिला धीर दिला.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, म्हणजे नेमकी धनत्रयोदशी. लक्ष्मी घरात येण्याच्या मुहूर्तावर मी दहा हजार रुपये अनामत घेऊन घरातून निघालो. निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवाराबरोबर आणखी चौघांना जाता येतं. भाऊंनी ढोल, ताशे, जेसीबीतून फुलं आणि गुलालाने माखलेले हजारभर लोक बाहेर थांबवून नियमाप्रमाणे चौघांना आत नेलं. मला चौघांची सवलत होती आणि बरोबर दोघे होते. त्यातला दूधवाला "म्हशी सुटल्यात" म्हणून दारातूनच परतला. आत साहेबांनी शपथ दिली. मी संविधानावर खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन असं खणखणीत आवाजात म्हटलं. शिपायाने मान वर करून बघितलं, कारण दिवसभरात इतकं मनापासून कुणी म्हटलं नव्हतं.

छाननीत अर्ज टिकला. माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत, आणि मध्ये सगळी दिवाळी. त्या काळात आमच्याकडे फराळाला इतकी माणसं आली, की चिवडा दोनदा करावा लागला. चिवडा संपवून, चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून, प्रत्येकजण आवाज खाली आणत असे.

"सर, तुम्हाला उभं कुणी केलं?"

"मीच मला."

"बरोबर. असंच सांगायचं. पण आपल्यातलं सांगा."

अपक्ष हा आपणहून उभा राहतो, यावर तालुक्यात कुणाचा विश्वास नाही. लोकांचाही दोष नाही. २०१४ साली रायगड लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला त्याच्या चौपटीहून जास्त मतं पडली. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात तुतारी हरली ३२,७७१ मतांनी आणि पिपाणीवाल्याने मतं घेतली ३७,०६२. एवढी कर्तबगारी समोर असताना, मी केवळ गटारासाठी उभा आहे, हे कोण मानणार? भाऊंच्या माणसांना खात्री होती की मला विरोधकांनी उभं केलंय. विरोधकांना खात्री होती की भाऊंनी. दोन्हीकडचे लोक पाकिटाची जाडी चाचपून बघायला येत आणि 'बसायचं' काय घेणार असं आडून विचारत. मी काहीच घेणार नाही म्हटल्यावर ते एकमेकांकडे बघत. "सर लय पोहोचलेले आहेत," असं एकजण जिन्यावरून उतरताना म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला पोहोचलेला म्हटलं. दोन दिवस मी कुणाशी सरळ बोललो नाही.

मला कुणीही उभं केलेलं नाही, याची अख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला खात्री होती. भाऊंना.

माघारीची वेळ टळल्यावर निशाण्या वाटल्या गेल्या. मुक्त चिन्हांच्या यादीत संसारातलं सगळं आहे. नेलकटर, टूथपेस्ट, भेंडी, ढोबळी मिरची, प्रेशर कुकर, नूडल्सचा बाउल. मी पहिली पसंती फळ्याला दिली होती, दुसरी शिट्टीला. तिसऱ्या रकान्यात फुलकोबी लिहिली होती, ती रकाना मोकळा ठेवायचा नसतो या सवयीने. फळ्यावर आणखी एकाने हक्क सांगितला, चिठ्ठी निघाली आणि फळा कोंबडीखाद्याच्या व्यापाऱ्याकडे गेला. शिट्टीही गेली. साहेब म्हणाले, "अभिनंदन. फुलकोबी बिनविरोध."

मतदान यंत्रावर निशाणी काळ्या रंगात छापतात, आणि विधानसभेच्या मतपत्रिकेचा कागद गुलाबी. रंग गेल्यावर फुलकोबी ही फुलकोबी राहत नाही. शेजारी माझा तिकिटाएवढा फोटो. दोघांत फुलकोबी जास्त हसतमुख होती. मी पत्रकं छापून घेतली. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी प्रतींची संख्याही छापली. पहिल्याच मतदाराने पत्रक उलटसुलट केलं, खालची बारीक ओळ वाचली आणि विचारलं, "प्रती फक्त पाचशे? बाकीच्यांना कळवायचं नाही का?"

प्रचार सुरू झाला.

"आजी, या चित्राला मत द्यायचं."

"ढगाला?"

"ढग नाही, फुलकोबी."

"मग नुसतं फूल म्हण की. फुलाला देतेच मी दर वेळी." त्यांचं फूल निराळं निघालं.

कोपऱ्यावरच्या शेतकऱ्याने तर मला ओट्यावरच चढू दिलं नाही. त्याच्या फ्लॉवरला त्या आठवड्यात बाजारात तोडणीचा खर्चही सुटला नव्हता, आणि मी त्याच्या दारात येऊन फ्लॉवरचं चित्र दाखवत होतो. दुसऱ्या एका घरात म्हातारबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि आशीर्वाद दिला, "भाऊंना सांग, काळजी करू नका, आमची मतं त्यांनाच." निवडणुकीत दारी येतो तो भाऊंचाच माणूस, ही समजूत पंचवीस वर्षांत इतकी पक्की झालेली, की तिला धक्का लावणं मलाच पाप वाटलं. मी सांगतो म्हणालो. संध्याकाळी पीए भेटले, त्यांना सांगितलंही.

घराघरात भाऊंविरुद्ध चीड होती, हे मात्र मी शपथेवर सांगतो. रस्ता नाही, पाणी नाही, कारखान्याने उसाचे पैसे दिलेले नाहीत. ऐकताना माझ्या अंगात बळ यायचं. मग चहा यायचा, आणि चहाबरोबर पुढचं वाक्य.

"पण आमच्या हिच्या ऑपरेशनला मुंबईला फोन त्यांनीच केला बरं का."

एकाच्या पोराला पोलीस ठाण्यातून सोडवून आणलं होतं, एकाच्या मुलीला वसतिगृहात जागा मिळवून दिली होती, एकाच्या बांधावरचं भांडण मिटवलं होतं. रस्ता सगळ्यांचा होता, त्यामुळे तो कुणाचाच नव्हता. फोन मात्र ज्याचा त्याचा होता. लोकांना आमदार बदलायचा होता, पण आपलं एक काम तेवढं झाल्यावर. आणि काम कधी संपत नाही. ऑपरेशन झालं की नोकरी, नोकरी झाली की बदली, बदली झाली की ऑपरेशन.

माझी कोपरासभा मारुतीच्या पारावर होती. मी गटारावर बोलत होतो. श्रोते बरे होते. त्यांतले काही आरतीसाठी आले होते हे नंतर कळलं. रंगात येऊन मी म्हणालो, "शिफारशीच्या चिठ्ठ्यांचं हे राज्य संपलं पाहिजे!" मागून आवाज आला, "सर, तुमची पेन्शनची फाइल अडली होती, ती कुणाच्या चिठ्ठीने सुटली?"

मारुतीही माझ्याकडे बघतोय असं वाटलं. फाइल खरोखरच जिल्ह्याच्या ठिकाणी धूळ खात होती आणि एक दिवस अचानक सुटली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, की माझ्या स्मरणपत्रांतल्या शुद्धलेखनाचा तो परिणाम असावा.

दुसऱ्या दिवशी भर चौकात भाऊंचा ताफा आणि माझी स्कूटर समोरासमोर आली. भाऊ गाडीतून उतरले, गर्दीतून वाट काढत आले आणि वाकून माझ्या पाया पडले. "माझ्या पोराला गणित यांनी शिकवलं," ते कार्यकर्त्यांना म्हणाले. "अशी माणसं राजकारणात यायलाच पाहिजेत. सर, मागे हटायचं नाही." टाळ्या पडल्या. लोकांनी फोन काढले. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ घराघरात गेला, आणि भाऊंच्या नम्रतेचं इतकं कौतुक झालं, की दोघा-तिघांनी तर मलाच फोन करून सांगितलं, "सर, काहीही म्हणा, माणूस जमिनीवर आहे." भाऊंचा पोरगा गणितात तीनदा नापास झाला होता, हे व्हिडिओत कुठे नव्हतं.

जाताना त्यांनी मला जवळ ओढून कानात विचारलं, "बूथला माणसं आहेत का?"

नव्हती. मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ, आणि पोलिंग एजंट म्हणून माझ्याकडे भाचा. "काळजी करू नका," भाऊ म्हणाले, "आमची देतो पाठवून." मी स्वाभिमानाने नकार दिला. नंतर कळलं, अपक्षाच्या नावावर आपली माणसं बूथमध्ये बसवणं ही फार जुनी आणि प्रतिष्ठित कला आहे, आणि तिच्यासाठी काही अपक्षांना लोक चांगलं मानधन देतात. मी फुकटातही नाही म्हटल्यामुळे माझा व्यवहारीपणाबद्दलचा उरलासुरला लौकिकही गेला.

२० नोव्हेंबरला मतदान. खऱ्या मतदानाच्या दीड तास आधी एजंटांसमोर अभिरूप मतदान घेतात. यंत्र नीट चालतं का हे बघायला निदान पन्नास मतं टाकायची, सगळ्या उमेदवारांची बटणं दाबायची. पहाटेच्या थंडीत भाचा तिथे हजर होता. त्याने उत्साहाने फोन केला, "मामा, फुलकोबी जोरात आहे! भाऊंच्या बरोबरीने चाललीय!" संपूर्ण निवडणुकीतला तो माझा सर्वोच्च क्षण. नंतर नियमाप्रमाणे ती मतं पुसून टाकण्यात आली.

दिवसभर मला भेटलेल्या प्रत्येकाने शाई लागलेलं बोट वर करून डोळा मिचकावला. "आमच्या घरची चार." "आमची सहा." "आमच्या आळीत दुसरं काही चालू दिलं नाही." मी गणिताचा माणूस, बेरीज करत गेलो. संध्याकाळपर्यंत माझ्या मतांची संख्या आमच्या वॉर्डाच्या लोकसंख्येच्या पुढे गेली होती.

२३ तारखेची मतमोजणी. माइकवरून फेरीनिहाय आकडे सांगत. पहिले तिघे नावानिशी, बाकीचे 'इतर'. अनेक फेऱ्या मी 'इतर' म्हणून काढल्या. दुपारी भाऊ विजयी झाले, गुलाल उडाला. माझी मतं 'नोटा'पेक्षा कमी. म्हणजे यांच्यापैकी कुणीही नको, असं म्हणणाऱ्यांनीही माझा वेगळा विचार करून मला नको म्हटलं होतं. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख मतं धरली, तर तेहतीस हजार तीनशे चौतीस. हे उदाहरण मी आयुष्यभर मुलांना शिकवलं असतं, तर निदान एकाने मला वेळेवर अडवलं असतं.

पुढे बूथनिहाय आकडे मिळाले. माझे बरेचसे सूचक आमच्याच बूथचे, आणि तिथे मला पडलेली मतं पाच. त्यातलं एक माझं. दहाही सूचकांनी, इस्त्रीवाल्यासकट, देवाशपथ सांगितलं की मत मलाच दिलं. पोस्टमास्तर म्हणाले, "चारांतलं एक नक्की माझं." कंडक्टर म्हणाले, "दुसरं माझं." असं करता करता कट्ट्यावरच चाराची नऊ झाली. मी वाद घातला नाही. त्या निवडणुकीत राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यांत २,०८६ अपक्ष, आणि निवडून आले दोन. उरलेल्या दोन हजारांवर अपक्षांच्या गावांतही त्या संध्याकाळी हीच बेरीज चालू असणार. तमिळनाडूत मेट्टूरचे टायर दुरुस्तीवाले के. पद्मराजन १९८८ पासून दोनशेहून जास्त निवडणुका लढले आणि सगळ्या हरले. त्यांच्याविषयी वाचून मला पहिल्यांदा आदर वाटला. आमच्याने एक झेपेना.

पण हरलेल्याचीही सुटका नसते. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. नाही दिला, तर आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. हे ऐकून बायकोचा चेहरा उजळला. "मग नकाच देऊ!"

मी मात्र नोंदवही घेऊन बसलो. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रशासनाच्या दरपत्रकात चहा, वडापाव, खुर्ची, फेटा, सगळ्यांचे दर ठरलेले. माझा मोठा खर्च एकच, चहा. बिल मागायला टपरीवर गेलो. टपरीवाले मामा उधारीची वही चाळत म्हणाले, "सर, तुमचं खातं बंद झालं की. निकालाच्या रात्री भाऊ आले होते. सगळे पैसे देऊन गेले. म्हणाले, सरांना कळवू नका, वाईट वाटेल."

नियम स्पष्ट आहे. उमेदवारासाठी दुसऱ्या कुणी खर्च केला, तर त्याचं नाव आणि पत्ता पांढऱ्या पानावर लिहावा लागतो. मी भाऊंचं नाव लिहिलं, पत्त्यात 'आमदार निवास' घातलं आणि वही तपासनीस साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"सर, तुमचा खर्च तुमच्या विरोधी उमेदवाराने केला?"

"हो."

"पण त्यांच्या हिशेबात हा दाखवलेला नाही. मग धरायचा कुणाकडे? तुमच्या की त्यांच्या?"

आम्ही दोघांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. अशा प्रेमाची तरतूद त्यात नव्हती. शेवटी साहेबांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "सर, एकदा भाऊंच्याच कानावर घालता का? ते काढतील काहीतरी मार्ग."

"घालतो की," मी वही काखेत मारत म्हणालो. "नातवाच्या प्रवेशाचं पत्र घ्यायला उद्या त्यांच्याकडे जायचंच आहे."